पुणतांब्याला गाडी बदला

पुणतांबा जंक्शन. शिर्डीची गाडी लेट आहे. तुम्ही बाकड्यावर बसला आहात, पिशवी दोन पायांच्या मध्ये, इअरफोन कानांत. मोबाईल स्वतःच्या मनानं एकामागून एक गाणी लावतोय. तुमचं निम्मं लक्ष गाण्यात, निम्मं अनाउन्समेंटकडे. तेवढ्यात एक अनोळखी गाणं सुरू होतं. आधी नुसती युकुलेली किणकिणते. मग एका पोराचा आवाज येतो, वयानं कोवळा पण गाण्यात म्हातारा, शब्द अर्धे गिळून ओढत नेणारा. आणि मग ट्रंपेट. ते एकसाथ येत नाहीत, किंचित पुढेमागे येतात, अंगात आल्यासारखे.

तुम्ही ताठ बसता. हे तर आपल्या वरातीतलं! घोड्यावर नवरदेव, डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बायका, चौकात रिंगण आणि मधोमध गाल फुगवून वाजवणारा मास्तर.

स्क्रीनवर नाव दिसतं: बेरूत. लेबनॉनशी या बँडचा संबंध नावापुरता. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, सांता फे गावात वाढलेल्या झॅक कॉन्डन नावाच्या पोराचा हा बँड. अल्बम ‘गुलाग ओर्केस्टार’, साल 2006, तेव्हा त्याचं वय 20. गाण्यात जे वरातीचं वाटलं ते बाल्कनमधलं, म्हणजे सर्बिया, बल्गेरिया, मॅसेडोनिया, रोमानिया या पट्ट्यातलं. आणि वर पॉप.

नवं काही सापडलं की ते लगेच कुणाला तरी ऐकवावंसं वाटतं. शेजारी टोपी-धोतरातले एक बाबा बसलेत. तुम्ही एक इअरफोन त्यांच्या कानात देता. ते डोळे बारीक करून ऐकतात, बोटानं काठीवर ठेका धरतात.

“आरं, हे तं भगवानदादाच्या पिक्चरावानी वाजतंय.”

“कोणता पिक्चर, बाबा?”

“आलबेला. त्याचा गाणंवाला आपल्या गावचाच व्हता की. ठावं नाही व्हय तुला?”

तुम्हाला ठावं नसतं. पुणतांबा म्हटलं की तुम्हाला 1 जून 2017चा शेतकरी संप आठवतो, फार तर चांगदेवांची समाधी. चांगदेव 1400 वर्षं जगले असं हे गाव सांगत आलंय, तेव्हा इथं शे-सव्वाशे वर्षं मागं जायला यंत्रबिंत्र लागत नाही. इअरफोन काढा आणि उठा.

जानेवारी 1918. फलाट बुटका आहे, इंजिन वाफेचं आहे, दौंड-मनमाड लाईन सुरू होऊन 40 वर्षं झालीत. शिर्डीला जाणारं कुणी इथं गाडी बदलत नाही. साईबाबा अजून हयात आहेत, त्यांच्या दर्शनाला जाणारे कोपरगावला उतरून टांगा करतात, आणि रूळ शिर्डीला पोचायला अजून नव्वदेक वर्षं आहेत. तुम्ही गावात शिरता. अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटावर बायका धुणं धुताहेत. कुणीतरी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचतंय. तिकडं महायुद्ध चालू आहे. त्याची ठिणगी 1914 साली साराजेव्होत पडली, त्यामुळं बाल्कन हा शब्द ओट्यावरच्या लोकांना तोंडपाठ आहे. तिथली माणसं गातात कशी, वाजवतात काय, हे मात्र पेपरात येत नाही.

महिन्याची 12 तारीख. चितळकरांच्या घरी मुलगा झालाय. नरहर चितळकरांचा मुलगा, नाव रामचंद्र.

जरा थांबून गाव ऐका. पहाटे देवळात टाळ-मृदंग, गुरवाची सनई, गोंधळ्याचं संबळ, जत्रेत हलगी आणि फडावर ढोलकी. आणि नगरच्या छावणीत गोऱ्या पलटणीचा बँड, पितळी वाद्यांचा, कागदावरचं बघून वाजवणारा. या दोन गोष्टी अजून एकमेकींना धड ओळखत नाहीत. ओळख करून देणारा पाळण्यात आहे.

मधली वर्षं पळती बघा. पोरगा नागपुरात शंकरराव सप्र्यांकडं शिकतो, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकतो. 1935 साली ‘नागानंद’ चित्रपटात नायक होतो, पण नायकपण टिकत नाही. मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका करतो, पेटी वाजवतो. संगीतकार म्हणून पहिली संधी मिळते ती चक्क तमीळ चित्रपटांत. मग गिरणी कामगाराच्या घरातल्या भगवान आभाजी पालव या मारामारीच्या चित्रपटांच्या नायकाशी दोस्ती जमते. 1947 सालच्या ‘शहनाई’त ‘आना मेरी जान संडे के संडे’ येतं, गिटार, सॅक्सोफोन, माउथ ऑर्गन आणि चक्क शीळ घेऊन. शिकलेली मंडळी नाकं मुरडतात. नाव आता सी. रामचंद्र झालंय. गाताना तो चितळकर, आणि इंडस्ट्रीत सगळ्यांचा अण्णा.

आता सावकाश चला. साल 1952. गोदावरीकाठच्या जत्रेत तुम्ही तंबूत बसला आहात. खाली माती, वर ठिगळांचं कापड, बायकांची बाजू वेगळी, मागं जनरेटर धडधडतोय आणि त्याच्या धुराचा वास तंबूत भरलाय. बाहेर कर्ण्यावर माणूस ओरडून दमलाय. पडद्यावर ‘अलबेला’. आदल्या वर्षी मुंबईत लागलेला चित्रपट, आता रिळं खरचटत-खरचटत इथवर आलीत. सगळा तंबू एकाच गाण्याची वाट बघतोय.

‘शोला जो भडके’ सुरू होतं. आधी बोंगो. आजवर पुणतांब्याच्या परिसरात चामड्यावर पडलेल्या कुठल्याही थापेसारखी ती थाप नाही, तरी पाय ओळखतात. भगवान खांदे उडवत, हात कोपरात दुमडून, अर्ध्या पावलानं पुढं-मागं होतो. तसं नाचायला शिकावं लागत नाही, म्हणून मागच्या रांगेतला प्रत्येक जण तो नाच लगेच करू शकतो. करतोच. नायिका गीता बालीवर नजर ठरत नाही. चिल्लर पडद्यावर आदळून खणखणते. गाणं संपल्यावर असा आरडाओरडा होतो की ऑपरेटर निमूटपणे रीळ मागं घेतो.

दुसऱ्या वेळी पडद्याकडं बघू नका, डोळे मिटून ऐका. लता आणि चितळकर गातात ती चाल तेवढी बाजूला काढा. वाद्यांशिवाय गुणगुणून बघा. साधी आहे, मोजक्या सुरांत फिरणारी, जात्यावर बसलेल्या बाईला दोन ऐकण्यांत यावी अशी. आता ओळ संपते आणि पुढची सुरू होते त्यामधल्या जागा ऐका. तिथं क्लॅरिनेट खाली घसरतं, ट्रंपेट उत्तर देतं, सॅक्सोफोन खालून धरून ठेवतो. चाल देशी आणि मधल्या जागा अमेरिकन स्विंगच्या. अण्णांना बेनी गुडमनचं वेड होतं, ते इथं उमटलंय. दोन्हींची सरमिसळ करून त्यांनी एकच फिकट रंग केलेला नाही. ओळीत गाव आणि ओळीच्या फटीत बॉलरूम, असं आलटून-पालटून ठेवलंय, म्हणून दोन्हींची धार शाबूत राहिली.

हे बनलं कसं ते बघायचं तर एक-दीड वर्ष मागं, मुंबईत चला. खोलीत पेटी घेऊन अण्णा बसलेत, सिटिंग चालू आहे. मुखडा झाला, अंतरा झाला. कोपऱ्यात बसलेला गोवेकर पाच रेघांच्या कागदावर पेन्सिलीनं भराभर टिंबं मांडतोय. हा आंतोनियु झेवियर वाझ, आल्डोण्याचा, धंद्यातलं नाव चिक चॉकलेट. ताजमध्ये ट्रंपेट वाजवणारा, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाणारा. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चशाळांत पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, पाठोपाठ मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या नाचगाण्यांना ओहोटी लागली. त्याच सुमाराला हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद फुगत होते. नोटेशन वाचणारा माणूस तिथं सोन्याच्या मोलाचा. अण्णा गात, गोवेकर लिहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तीसेक माणसं ते एकदम वाजवत. गायक, वादक सगळे एकाच वेळी, एकाच टेकला. बोंगोवाल्याचा हात चुकला की लताबाईंनाही पहिल्यापासून गावं लागे.

चिक चॉकलेटचं नशीब एवढं चांगलं की ‘अलबेला’त तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. बाकीच्यांच्या वाट्याला तेही नाही. 1957च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ घ्या. अण्णांच्या खोलीबाहेर पोरं खेळताना इंग्रजी बडबडगाणं म्हणत होती, त्यावरून ते सुचलं असं सांगतात, आणि त्यातलं कोकणी ‘माका नाका’ घातलं ते अण्णांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी. भारतात रॉक अँड रोल आला म्हणून आपण त्या गाण्याचे गोडवे गातो. जॉन गोम्स हे नाव किती जणांनी ऐकलंय?

उसनवारीही झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. 1950 सालच्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ कार्मेन मिरांडा या गायिकेच्या एका लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून घेतलेलं आहे. मूळ गाणं ऐका, मग हे ऐका. माझ्या मते अण्णांचं जास्त खट्याळ आहे, पण म्हणून मूळ कर्त्याचं ऋण फिटत नाही.

आता परत 1952च्या तंबूत या. बाहेर पडताना एक गोष्ट कानावर येते. दिल्लीत नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर, म्हणजे पुन्हा मराठी माणूसच, आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जागा ठेवायला तयार नाहीत. असल्या गाण्यांनी अभिरुची बिघडते असं त्यांचं म्हणणं. म्हणून गावातला जो एकुलता एक बॅटरीवरचा रेडिओ आहे, त्यावर आता सिलोन लावतात. डिसेंबर 1952 पासून तिथं ‘बिनाका गीतमाला’ सुरू झालीय. सरकारनं दार लावलेलं संगीत परदेशातून, शॉर्टवेव्हच्या खरखरीतून, पुणतांब्यात परत येतंय, आणि करणारा मूळ पुणतांब्याचाच. आज ज्याला इंडी म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या आशीर्वादाशिवाय केलेलं, त्या अर्थानं अण्णा काही इंडी नव्हते, ते भरभक्कम व्यवसायातले होते. पण मान्यवरांनी झिडकारलेल्या गोष्टीवर जीव टाकण्याची जी मजा इंडीवाल्यांना येते, ती या रेडिओभोवती बसलेल्यांच्या तोंडावर बघून घ्या.

आता एक उडी बाल्कनमध्ये. लांबची आहे, पण तिथं फार परकं वाटणार नाही. 1831 साली सर्बियाचा प्रिन्स मिलोश ओब्रेनोविच पहिला लष्करी बँड उभा करायला लावतो. त्याआधी तिथं तुर्कांच्या फौजेचे ढोल-सनया. पुढं सैनिक घरी जाताना ट्रंपेटही घेऊन जातात, आणि बघता-बघता ते वाद्य लग्नात, बारशात, मयतीत वाजायला लागतं. वाजवणारे बहुतेक रोमा, म्हणजे ज्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले. गावाला लग्नात ते हवेत, एरवी वेशीबाहेर बरे. हे ऐकून तुम्हाला आपल्याकडचे मांग, गुरव, मुसलमान वाजंत्री आठवले असतील तर चुकलं नाही. पलटणीचं वाद्य लग्नात यायचा रस्ता आपल्याकडं आणि तिकडं एकच आहे.

ठेकाही ओळखीचा. मॅसेडोनियातले नाच सातच्या हिशेबात चालतात, तीन-दोन-दोन. तबलजीला विचाराल तर तो म्हणेल, हा तर रूपक! आपण तो बसून ऐकतो, ते हात धरून त्यावर नाचतात, एवढाच फरक. आणि दोन्हीकडची गाणी एका तबकडीवर आधीच जाऊन बसली आहेत. 1977 साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या रेकॉर्डवर बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्काचं लोकगीत आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही.

1996. रोमानियाच्या ईशान्येकडचं झेचे प्राजीनी हे गाव, शेकड्यांत मोजण्याएवढी वस्ती, मुख्य रस्त्यापासून आत. हेन्री अर्न्स्ट नावाचा जर्मन ध्वनितंत्रज्ञ तिथं येऊन पोचलाय. अंगणात गावकरी वाजवताहेत, शेतात राबणारे, लग्नसराईला बँड काढणारे. वाद्यं पोचे पडलेली. वेग असा की श्वास कुठं घेतात कळत नाही. अर्न्स्ट त्यांना युरोपभर नेतो, ‘फानफारे चोकार्लिया’ या नावानं जग त्यांना ओळखू लागतं. त्याच्या आदल्या वर्षी दिग्दर्शक कुस्तुरिकाच्या ‘अंडरग्राउंड’ चित्रपटाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालंय, त्यातही हाच पितळी दणका. कॉन्डनसारख्या पोरांच्या कानांवर बाल्कन पडलं ते या लाटेत.

कॉन्डनची खोली पटकन बघून घ्या, तिथं फार वेळ काढण्यासारखं नाही. शाळा अर्धवट सोडून युरोप फिरून आलेला मुलगा घरच्या खोलीत ट्रंपेट वाजवतो, रेकॉर्ड करतो, त्यावर दुसरी पट्टी चढवतो, मग तिसरी. एकटाच अख्खा बँड होतो. म्हणून ते ट्रंपेट किंचित पुढेमागे वाजतात! जवळच्या आल्बुकर्कीचे जेरेमी बार्न्स आणि हेदर ट्रॉस्ट ढोल-व्हायोलिनला मदत करतात. छोटी कंपनी अल्बम काढते आणि सगळीकडं वाहवा होते. गाणी चांगलीच आहेत, मी ती अजून ऐकतो. पण त्यात बाल्कन आहे ते प्रवाशानं खिडकीतून बघितलेलं, जरा हुरहूर लावणारं. अण्णांच्या गाण्यात हुरहूर नाही, दंगा आहे. त्यांच्या आजूबाजूला तीस माणसं घाम गाळत होती आणि समोर चिल्लर घेऊन बसलेला तंबू होता, याचा तो परिणाम. मला विचाराल तर लोकसंगीत आणि पॉप यांचा संसार ‘शोला जो भडके’त जास्त सुखाचा झालाय. कॉन्डनच्या 55 वर्षं आधी.

गंमत म्हणजे अण्णांची आठवण आपण ठेवली ती एकाच गाण्यासाठी. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगो’. ते शाळाशाळांत वाजतं, वाजायलाच हवं. पण ते त्यांच्या स्वभावातलं एक अंग. दुसरं अंग बोंगोवर खांदे उडवणारं, तिसरं ‘घरकुल’मधल्या ‘मलमली तारुण्य माझे’सारखं मराठीत हळुवार उतरणारं. 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत ते गेले.

आणि लग्नाचा बँड? पुण्यात विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व हे ब्रास बँड अजून मानानं वाजवतात. खेड्यात मात्र वरातीत डीजेची भिंत आली आणि मास्तर बेकार झाला. ग्रेगरी बूथ हा ऑकलंडचा अभ्यासक भारतभर बँडवाल्यांना भेटत हिंडला आणि 2005 साली त्यानं ‘ब्रास बाजा’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सनी जैन यांनी 2008 साली ‘रेड बारात’ काढला, ढोल आणि पितळी वाद्यं घेऊन, आणि परदेशी पोरं त्यावर नाचतात. झेचे प्राजीनीला अर्न्स्ट गेला. आपल्या राहाता-कोपरगाव पट्ट्यात, श्रीरामपुरात, नेवाशात असे बँड नाहीत असं थोडंच आहे? एखाद्या पोरानं बरा माइक घेऊन त्यांच्याकडं जायला हवं. मोबाईलच्या जमान्यात त्याला कंपनीही लागत नाही.

तोवर तुम्ही एवढं करा. आज रात्री आधी ‘आना मेरी जान’, मग ‘शोला जो भडके’, मग ‘ईना मीना डीका’ ऐका, आणि गाणारे सोडून फक्त मागचं वाजवणं ऐका. त्यानंतर फानफारे चोकार्लिया, सगळ्यांत शेवटी बेरूत. आणि येत्या लग्नसराईत घरच्या कार्यात बँड लावा. वाजवून झाल्यावर बिदागी देताना मास्तरला त्याचं आणि त्याच्या क्लॅरिनेटवाल्याचं नाव विचारून घ्या, आणि पत्रिकेत आचाऱ्या-मंडपवाल्यांच्या शेजारी नाही, मानकऱ्यांच्या यादीत छापा.